महिपतआबांनी मागितलेला कौल

या, असे जवळ या. मागे खांबाला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरका, आणि ज्यांच्या मांडीवर लेकरू आहे त्यांनी तर अगदी समोर बसा, कारण कथा लेकराचीच आहे. आख्यान म्हटलं की राजा हवा, राणी हवी, निदान एखादा ऋषी तरी हवा. आपल्या कथेत यातलं कुणी नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत, बारा वर्षांची एक मुलगी आहे आणि शाळेतल्या एक बाई आहेत. आधीच सांगितलेलं बरं, कथा गोड नाही. शेवटी सगळं मनासारखं होईल या आशेनं बसू नका. पण बसा. भगवंताचं नाव घ्या आणि ऐका.

पूर्णगडच्या खाडीवरून आत वळलं की चढ लागतो, चढ संपला की सडा लागतो, आणि काळ्या कातळाचा तो पसारा ओलांडला की सडेवाडी. तिथले महिपत धनावडे. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. तीस वर्षं ते एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगणारा त्यांचा आवाज असा खणखणीत, की लाउडस्पीकर बिघडला तरी काम अडत नसे. निवृत्त होऊन गावी आले ते दोन नाद घेऊन. एक कीर्तनाचा आणि दुसरा गावकीच्या कामाचा. श्रावणातल्या सप्ताहात सातही दिवस पहिल्या रांगेत झांज धरून बसायचे, आणि वर्षभर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत. माणूस देवभोळा, हाताचा स्वच्छ, कुणाच्या मयताला सगळ्यांत आधी पोचणारा. वाईट माणूस नव्हे हो! हेच तर या कथेचं कडूपण आहे. वाईट माणसानं केलं असतं, तर आपण चार शिव्या देऊन मोकळे झालो असतो.

त्यांचा मुलगा शिवा बायकोसह मुंबईला. त्याची मुलगी संस्कृती मात्र गावी, आजी-आजोबांकडे. पोरगी बोलताना अडखळायची. मुंबईच्या शाळेत पोरांनी तिची इतकी नक्कल केली, की तिनं शाळेत तोंड उघडणंच सोडलं. म्हणून तिला इकडे आणून ठेवलेली. दर रविवारी शिवाचा फोन यायचा. संस्कृती फोन कानाला लावायची, "ब... ब..." करायची, आणि दोन श्वासांच्या आत आबा तो काढून घ्यायचे.

"बरी हाय ती! जेवली, अभ्यास केला, काय काळजी करू नको."

काशीआजी चुलीकडून ओरडायची, "आवो, तिला बोलू द्या की जरा! तुमची गाडी सुटतेय काय?"

"पोर दमते, दिसत नाय तुला?" आबा म्हणायचे.

पोर दमत नव्हती. ऐकणारे दमत होते. आबा तिचं प्रत्येक वाक्य मायेनं पुरं करायचे. मायेनंच करायचे, आणि दर वाक्यागणिक पोर थोडी थोडी आत जायची.

ती सातवीत गेली त्या जूनमध्ये शाळेत करुणा सकपाळ नावाच्या बाई आल्या. कंत्राटी शिक्षिका, वय पंचवीस-सव्वीस, शेजारच्या गावच्या बौद्धवाडीतल्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांबणाऱ्या मुलांना घेऊन त्या एक खेळ मांडायच्या. पट नाही, सोंगट्या नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढलेला समुद्राचा नकाशा, थोडे कागद आणि एक वीस बाजूंचा फासा. प्रत्येक मुलानं एकेक माणूस व्हायचं. कुणी गलबत हाकणारा तांडेल, कुणी वैद्य, कुणी खलाशी, कुणी वाटाड्या. त्या माणसाचं नाव, त्याला काय येतं, काय येत नाही, हे त्याच्या कागदावर लिहायचं. बाई कथा सांगत जायच्या आणि मध्येच थांबून विचारायच्या, "आता तुम्ही काय करणार?" मग ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या तोंडून बोलायचं. जमलं की फसलं, हे फाशावरचा आकडा आणि कागदावरचे त्या कामाचे गुण मिळून सांगणार. खेळाचा नियम एकच होता. आधी बोलायचं, मग फासा.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आबा शाळेच्या छपराची कौलं बघायला म्हणून गेले आणि मागच्या खिडकीशी थबकले. आतून एका पोरीचा आवाज येत होता. काय तो आवाज!

"पाणी आत येतंय! जनी, तू पाणी उपस. सम्यक, शीड उतरव, आत्ताच्या आत्ता! मी सुकाणू सोडणार नाही!"

"तांडेल, या वादळात पंधरा लागतील," बाईंचा आवाज आला. फासा फरशीवर खडखडला. "अकरा पडले. सुकाणूचे तुझे किती?"

"तीन. म्हणजे चौदा!"

"एकानं गलबत बुडतंय, बाई!" दुसरं कुणीतरी किंचाळलं.

"मी येतो मदतीला! माझा एक घ्या," हा सम्यक.

"तू आलास तर शीड फाटेल," पोरगी कडाडली. "फाटू दे! माणसं वाचव आधी!"

आबांनी खिडकीतून डोकावलं. मुलं खाली जमिनीवर बसलेली, खिडकीला पाठ करून. त्यांना दिसला तो फक्त बाईंच्या तळहातावरचा फासा. आणि मनात आलं, ही कुणाची एवढी तोंडाळ पोर?

पोरांसमोर बाईंचा पाणउतारा नको, एवढं सभ्यपण आबांत होतं. ते तसेच मागे फिरले. पण डोक्यात फासा खडखडत राहिला. आख्यानांतून त्यांनी किती वेळा ऐकलं होतं, फाशांपायी राज्यं कशी गेली. गावातली दोन घरं पत्त्यांच्या नादानं बसलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सोमवारी समितीची बैठक बोलावली.

"बाई, शाळेत जुगार?" आबांनी सरळच विचारलं.

करुणाबाई उभ्या राहिल्या. "जुगारात काहीतरी लावावं लागतं, आबा. इथं मुलं फक्त शब्द लावतात. ज्या सम्यकला हातचा घेता येत नव्हता, तो आता तोंडी बेरजा करतो. जनीला नकाशावरची दिशा कळत नव्हती, ती आता मला भरती-ओहोटी शिकवते. हरलं तर रडायचं नाही, पुढची वाट शोधायची, एवढं मी पुस्तकातून त्यांना शिकवू शकले नव्हते." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आबा, तुमची संस्कृती तिथं बोलते. न अडखळता बोलते."

आबांच्या कपाळावर आठी चढली. "माझी नात घरात दोन शब्द बोलत नाय. बाई, तुमचा खेळ वाचवायला माझ्या पोरीचं व्यंग मध्ये आणू नका."

बाई खाली बसल्या. मागच्या बाकावरून एक सभासद हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, "बाई कुठल्या ते ठाऊक हाय ना? आज पोरांना दुसरं नाव देतायत, उद्या दुसरा देव देतील."

करुणाबाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. मंडळी, त्या क्षणी आबांनी एक शब्द बोलायचा होता. "गप बस" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तीस वर्षं अख्खा स्टँड दणाणून सोडणारा तो गळा! पण आबा कागद चाळत बसले.

त्या संध्याकाळी त्यांनी पोरीला समोर उभं केलं. "काय गो, बाईंच्या खेळात तू बोलतेस?"

पोरीचे डोळे चमकले. तिला सगळं सांगायचं होतं. "आ... आबा, म... मी त... त..."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कळलं मना."

काय कळलं? बाई खोटं बोलतात, हे कळलं!

दुसऱ्या बैठकीत मतं समसमान पडली. खेळ चालू ठेवावा म्हणणारे चार, बंद करावा म्हणणारे चार. आता निकाल अध्यक्षांच्या मतावर. एका बाजूला गावकी, दुसऱ्या बाजूला मनात कुठंतरी टोचणारं काहीतरी. आबा म्हणाले, "मी कोण ठरवणार? देवाला विचारू. कौल लावू."

"आबा, मत तुमचं मागितलंय," करुणाबाई म्हणाल्या.

"देवापुढं माझं मत ते केवढं?" आबा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढी नम्रता! पण ऐकणाऱ्यांनो, नम्रता आणि पळवाट यांचा पोशाख कधी कधी सारखाच असतो.

मंगळवारी ग्रामदेवतेच्या देवळात भागोजी गुरवानं पाषाण धुतला, गंध लावलं, दोन बाजूंना फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालायचा मान आबांचा. आवाज गाभाऱ्यात घुमला, "बा देवा म्हाराजा! लेकरांच्या हातात आलेला हा जुगार बंद व्हावा असं तुझ्या मनात असंल, तर उजवी दे!"

थोड्या वेळानं उजवी पाकळी सुटली. जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. करुणाबाईंना तिथं कुणी बोलावलंच नव्हतं.

फासा खाडीत गेला. नकाशा आणि मुलांचे कागद आबांनी शिमग्यापर्यंत घरात बांधून ठेवले आणि होळी पेटल्यावर सगळ्यांच्या समोर तिच्यात टाकले. गावाला दिसावं, की अध्यक्षांनी कौल पाळला. संस्कृती आजीचा पदर धरून उभी होती. कागदांची चवड पसरली, वरचा एक कागद उलटा होऊन जळायला लागला, आणि पोरगी एक पाऊल पुढे गेली. आजीनं तिला मागे ओढलं. पोरगी रडली नाही. ओरडलीही नाही. ओरडायचं तिनं त्या दिवसापासून सोडलंच. मग अडखळायचंही सोडलं, बोलणंच थांबलं. रविवारी फोन आला तर ती उठून मागच्या दारी जाऊ लागली.

समितीनं वरच्या ऑफिसला पत्र पाठवलं. बाईंची मुदत वाढवू नये. खाली सही महिपत धनावडे यांची. मे महिन्यात करुणाबाई गेल्या.

जूनमध्ये आबा संस्कृतीला घेऊन आठवीच्या प्रवेशासाठी खालच्या गावातल्या हायस्कुलात गेले. नवा युनिफॉर्म, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. टेबलापलीकडच्या सरांनी सहज विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

पोरीचे ओठ हलले. सगळा चेहरा ताणला. रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं.

"संस्कृती शिवा धनावडे!" आबांनी सांगून टाकलं.

"आजोबा, मी तिला विचारलं," सर म्हणाले.

आबा मागे वळले तर पोरगी जागेवर नव्हती. फाटकाबाहेर, एसटीच्या थांब्यावर उभी होती. दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. आठवडा गेला, महिना गेला. आबा रागावले, आमिष दाखवलं, हात जोडले. तिनं पाटीवर लिहून दाखवलं, "मी नाही जाणार." पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिलं.

म्हणजे बघा! बारा वर्षांच्या पोरीची शाळा सुटली. तीही कुणाच्या घरातून? शाळेच्या अध्यक्षाच्या!

श्रावणात सप्ताह लागला. कीर्तनाला आंजर्ल्याहून यमुनाबाई आल्या. सत्तरीच्या, शिडशिडीत, नऊवारी नेसून चिपळ्या हाती घेतल्या की वय विसरायला लावणाऱ्या. त्यांचा मुक्काम दरवर्षी आबांच्याच घरी. चौथ्या दिवशी दुपारी त्या पडवीत पान लावत बसल्या होत्या. संस्कृतीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"गेल्या वर्षी ही पोर माझ्याशी बोलली होती. अडखळत का होईना, पण बोलली होती," यमुनाबाई म्हणाल्या. "आता काय झालं?"

काशीआजीनं तोंडाला पदर लावला आणि मग सगळंच बाहेर पडलं. खेळ, कौल, होळी, शाळा.

यमुनाबाईंनी पानाचा डबा बंद केला. "महिपतराव, गाऱ्हाणं तुम्हीच घातलंत ना? देवाला काय विचारलंत ते जसंच्या तसं सांगा. एक शब्द इकडचा तिकडे करू नका."

आबांनी सांगितलं.

"जुगार बंद व्हावा का, असं विचारलंत?"

"व्हय."

"मग देव काय म्हणणार होता? जुगार चालू दे म्हणणार होता?" म्हातारीचा आवाज चढला. "निकाल तर तुम्ही गाऱ्हाण्यातच लावून टाकलात, आणि पाकळी देवाच्या माथी मारलीत! माझ्या नातीचं तोंड उघडतंय, ते उघडू दे की मिटू दे, असं विचारलंत का? एका मास्तरणीच्या पोटावर पाय देऊ की नको, असं विचारलंत का?"

"पण माई, फासा म्हणजे..."

"फासा म्हणजे काय? काल आख्यानात मी राक्षस झाले. परवा राणी झाले. त्याआधी लहान पोर होऊन रडले, तेव्हा पहिल्या रांगेत झांज खाली ठेवून डोळे कोण पुसत होतं? मी तेव्हा जुगार खेळत होते का? शिमग्याला तुमचे खेळे सोंगं काढून घरोघर नाचतात, त्यांना तुम्ही नारळ देता. आणि पोरांनी सोंग घेतलं की ते पाप? महिपतराव, सोंग घेतलं की माणूस खोटा होतो असं नाही. कुणाकुणाला तेवढ्यापुरतंच खरं होता येतं. या पोरीला स्वतःच्या नावानं बोलायचं भय वाटतं. दुसऱ्याच्या नावानं वाटलं नसेल."

जनी शेजारघरची. ती तांदूळ निवडायला येऊन बसली होती. बिचारीला वाटलं, आपणही सांगावं. "आबा, तुमी त्या शनवारी खिडकीत उभे व्हतात ना? मी मागं वळून बघितलं तुमाला. तवा हीच तर ओरडत व्हती. शीड उतरव म्हणून. आमच्या गलबताची तांडेल हीच व्हती."

आबांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

तो आवाज! ही कुणाची तोंडाळ पोर, असं ज्याच्याबद्दल मनात आलं, तो आपल्याच रक्ताचा आवाज! तिला घरात कधी एक वाक्य पुरं करू दिलं असतं, तर तो ओळखता आला असता ना? अरे देवा! तू पोरीला कंठ दिलास, मी खिडकीत उभा राहून तो ऐकला, आणि तुझ्याच दारात येऊन तो बंद करून घेतला!

आबा खांबाला धरून बसले. मग म्हणाले, "माई, पुन्हा कौल लावू? नीट विचारू?"

"देवाला पुन्हा त्रास देऊ नका," यमुनाबाई म्हणाल्या. "पाकळी कुठली पडेल ते आपल्या हातात नाही, फासा काय पडेल तेही नाही. पडल्यावर पुढे काय करायचं, तेवढंच माणसाच्या हातात असतं. ती मास्तरीण पोरांना हेच शिकवत होती. ज्यांचं नुकसान केलंत, त्यांच्याकडे जा."

सप्ताह संपला तसे आबा निघाले. विचारत विचारत गणपतीपुळ्याला पोचले. देवळापासून जरा मागे एक लॉज होता. काउंटरवर करुणाबाई बसलेल्या, समोर मोठं रजिस्टर.

"किती जण? पूर्ण नाव सांगा," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"महिपत भिवा धनावडे."

पेन थांबलं. बाई उठून उभ्या राहिल्या. एवढं होऊनही त्या उठून उभ्या राहिल्या, मंडळी! आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"संस्कृती हायस्कूलला जाते ना, आबा?"

आबांनी तोंड उघडलं, शब्द अडकला. पुन्हा उघडलं, पुन्हा अडकला. बाई थांबल्या. त्यांनी आबांचं वाक्य पुरं केलं नाही. शेवटी आबांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

बाईंनी रजिस्टर मिटलं.

"बाई, फासा निमित्त होता," आबा म्हणाले. "त्या दिवशी बैठकीत तुमच्या वाडीवरून बोलणं झालं आणि मी गप बसलो. देवळातला कौल नंतरचा. माझा तिथंच लागला व्हता."

"हे तुम्ही गावात बोललात?"

"नाय."

"मग इथं काउंटरवर बोलून कुणाचं भलं होणार?"

आबांनी हात जोडले. "तुमी परत या."

"कशी येऊ? तुमच्या सहीच्या पत्रानंतर ती जागाच राहिली नाही. मला दुसरीकडेही कुणी घेतलं नाही. 'मुलांना फासे खेळवणाऱ्या बाई' म्हणतात मला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "खेळ मात्र तुम्ही चालवू शकता. एवढी आख्यानं ऐकलीत. गोष्ट सांगायची, आणि अडचणीच्या जागी थांबून मुलांना विचारायचं, आता तुम्ही काय करणार? मग उत्तर येईपर्यंत थांबायचं. थांबणं तेवढं अवघड आहे."

बाहेर गाडी लागली. माणसं बॅगा घेऊन आत आली. बाईंनी रजिस्टर पुन्हा उघडलं.

परत आल्यावर आबांनी बैठक बोलावली आणि उभं राहून सगळं कबूल केलं. त्या सभासदाच्या बोलण्यावर आपण गप्प बसलो तेही, गाऱ्हाण्यात शब्द चुकीचा घातला तेही. अध्यक्षपद सोडतो, पण खेळ पुन्हा सुरू करा, बाईंसाठी वर पत्र लिहा, म्हणाले.

मग मागच्या बाकावरचा तोच सभासद शांतपणे म्हणाला, "आबा, तुमीच लावलेला कौल हाय. देवाचा शब्द मोडायचा कसा?"

आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. तशाच!

मग आबांनी स्वतःच्या पडवीत खेळ मांडला. नवा फासा कुठून आणणार? काशीआजीनं चिंचोके फोडून, दगडावर घासून दिले. "जल्लं मेलं ता तुमचं जुगाराचं भय," ती म्हणाली. "लहानपणी अशाच पडवीत चिंचोके टाकून खेळलो आमी. तवा नाय कुणी देवाला विचारलं." आबांनी घरोघर जाऊन मुलं बोलावली. बाराजणं यायची, त्यातली दोघं आली. जनी आणि सम्यक. बाकीच्यांच्या आया म्हणाल्या, देवाच्या कौलाविरुद्ध नको बाबा.

आबा कथा सांगू लागले. कीर्तन ऐकणं वेगळं आणि करणं वेगळं. "गलबत खोल दर्यात आहे. वारा फिरला. तांडेल... तांडेल कुठं हाय?"

मुलं माजघराच्या दाराकडे बघू लागली. दाराआड संस्कृती उभी होती. ती उंबऱ्यापर्यंत आली. ओठ हलले. काशीआजीच्या हातातला चिंचोका तसाच राहिला. आबांच्या जिभेवर तीन वेळा शब्द आला, तीन वेळा त्यांनी तो गिळला.

"त... त... तांडेल ज... जळली."

सहा महिन्यांनी ऐकलेले तिचे पहिले शब्द.

"कुणी जाळली?" आबांनी विचारलं.

किती वेळ लागला त्या एका शब्दाला! "त... तुम्ही."

"व्हय," आबा म्हणाले. "मीच जाळली."

पोरगी उंबऱ्यावर बसली. आत आली नाही, बाहेरही गेली नाही. सम्यकनं आपला कागद तिच्याकडे सरकवला. तिनं घेतला नाही.

आजही ती तिथंच बसते. दर शनिवारी येते, ऐकते, कधी एखादा शब्द टाकते. खेळातला दुसरा माणूस मात्र तिनं अजून घेतलेला नाही. आठवीचं वर्ष तर गेलंच. येत्या जूनमध्ये ती हायस्कुलाच्या टेबलासमोर उभी राहील की नाही, हे आबांना ठाऊक नाही, आणि ते कुणाला विचारायलाही जात नाहीत. ते फक्त दर शनिवारी कथा सांगतात, अडचणीच्या जागी थांबतात आणि विचारतात. मग वाट बघतात.

तेव्हा मायबापांनो, एवढं गाठीशी बांधा. लेकरं खेळतात तेव्हा ती वाया जात नसतात. दुसऱ्याचं नाव घेऊन का होईना, ती धीर धरायला शिकतात, हिशेब करायला शिकतात, हरून पुन्हा उभी राहायला शिकतात. त्यांच्या खेळाला नाव ठेवण्याआधी खाली त्यांच्यात जाऊन बसा, खिडकीतून बघू नका. त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू द्या. आणि जे आपण ठरवायचं असतं, ते देवाच्या अंगावर ढकलू नका. देव दयाळू आहे, पण तो आपली भीती वाहणारा हमाल नव्हे!

आणि एक मागणं आहे. गणपतीपुळ्याला तुम्ही दर्शनाला जालच. मुक्कामाला उतराल तेव्हा काउंटरवरची एखादी मुलगी मान वर न करता तुमचं पूर्ण नाव विचारील. घाई करू नका. नाव सांगा, आणि हात जोडता जोडता करुणाबाईंची आठवण ठेवा.